डेझीचं फूल आणि राजाचं चिन्ह

मीनाकारी म्हटली की आपल्याला जयपूर आठवतं. पण विसाव्या शतकात डेन्मार्क आणि नॉर्वेतल्या पेढ्याही या कामासाठी नावाजल्या होत्या. रंगीत काचेची पूड चांदीवर पसरायची आणि भट्टीत वितळवायची. आंच जरा जास्त झाली तर दागिनाच वितळायचा.

असे जुने दागिने जमवताना माझं मन अडकलं ते डॅनिश डेझीच्या ब्रोचमध्ये. सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, त्यावर पांढऱ्या मीन्याच्या पाकळ्या. दिसायला अगदी साधं फूल, पण त्याचा जन्म फार वाईट दिवसांतला.

9 एप्रिल 1940 रोजी जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या. सातच दिवसांनी, 16 एप्रिलला, युवराज फ्रेडरिक यांना मुलगी झाली. नाव ठेवलं मार्ग्रेथे. डेझीचं डॅनिश नाव याच नावाशी जुळणारं. कोपनहेगनच्या ए. मिकेलसेन या 1841 पासूनच्या पेढीने त्या जन्माच्या निमित्ताने ही फुलं घडवली.

त्याच वर्षी 26 सप्टेंबरला राजे दहावे ख्रिश्चन 70 वर्षांचे झाले. त्यासाठी जॉर्ज जेन्सनच्या पेढीत आर्नो मालिनोव्स्की यांनी चांदी-मीन्याचं एक छोटं चिन्ह घडवलं. ते कोटावर लावून माणसं रस्त्यातून चालत. तोंडाने काही बोलायची गरज नव्हती. आम्ही कोणाचे, हे ते चिन्हच सांगे.

ज्यूंसाठी या राजाने स्वतः पिवळा तारा लावला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती खरी नाही. डेन्मार्कमध्ये ज्यूंवर तशी सक्तीच झाली नव्हती. लोकांनी मिरवलं ते हे राजचिन्ह.

संग्राहकांनी एक ध्यानात ठेवावं. डेझीचे दागिने पुढेही अनेक दशकं बनत राहिले. त्यामुळे प्रत्येक फूल 1940 चं नसतं. मागचा छाप भिंगातून वाचावा आणि पाकळ्यांच्या कडा तपासाव्यात. मीन्याचा टवका उडाला तर तो पूर्ववत करणं अवघड, कारण दागिना पुन्हा भट्टीत घालावा लागतो.

ती मुलगी 1972 मध्ये राणी झाली आणि 2024 मध्ये स्वखुशीने गादीवरून उतरली. 1961 पर्यंत परक्या सत्तेखाली राहिलेल्या आम्हा गोमंतकीयांना, कोटावरच्या एवढ्याशा चांदीत किती धीर मावतो हे वेगळं सांगायला नको.