काजळ कुणाच्या डोळ्यांत?

मंडळी, आमच्या महागावाकडे जुनी माणसे अजूनही काजळाला 'काजय' म्हणतात आणि डोळ्याला 'डोया'. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, हे वाचकांपैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. "पोरीच्या डोयात काजय घाल वं माय, डोये मोठे दिसतीन," असे वाक्य माझ्या लहानपणी घराघरात ऐकू यायचे. आता या वाक्यात शृंगार आहे, औषध आहे आणि दृष्ट लागू नये ही काळजीही आहे. एवढीशी काळी रेघ, पण तिने किती कामे करायची!

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला आणि या रेघेचा मागोवा घ्यावा असे वाटले. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. काजळ कसे घालावे हे आपल्याकडे फार पूर्वीपासून लिहून ठेवले आहे. पण त्याहून जास्त लिहिले आहे ते काजळ कुणी घालू नये याबद्दल. म्हणून आज थोडे त्याविषयी.

आधी काजळ करायचे कसे ते सांगते, कारण नव्या पिढीने ते डबीत किंवा पेन्सिलीतच पाहिले आहे. आमचा जिल्हा कापसाचा, त्यामुळे वातीला कापूस विकत आणावा लागत नसे. सरकी काढलेल्या कापसाची जाडसर वात वळायची, ती तुपात किंवा एरंडेलात भिजवून पणतीत लावायची. कुणी कुणी वात आधी माक्याच्या रसात भिजवून वाळवून घेत. पणतीच्या दोन्ही बाजूंना दोन वाट्या ठेवून त्यांवर तांब्याचे किंवा पितळेचे ताम्हण पालथे घालायचे. ज्योत ताम्हणाला जेमतेम टेकली पाहिजे. फार दूर असेल तर काजळी धरत नाही, फार जवळ असेल तर दिवा विझतो. याला 'काजळ धरणे' म्हणतात. रात्रभरात जमलेली काजळी सकाळी हलक्या हाताने खरवडायची, तुपाच्या थेंबात मळायची आणि डबीत भरायची. एवढ्या खटाटोपातून निघायचे ते बोटभर काजळ!

आता जरा मागे जाऊ. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, रोजच्या दिनचर्येत अंजन सांगितले आहे. सौवीरांजन रोज घालावे आणि दर पाचव्या किंवा आठव्या रात्री रसांजन घालून डोळ्यांतले पाणी वाहू द्यावे, असा तो विधी. सौवीरांजन हे खनिज, तर रसांजन दारुहळदीपासून केलेले. गंमत म्हणजे हे स्त्रियांसाठी म्हणून सांगितलेले नाही, सगळ्यांसाठीच आहे. जुन्या इजिप्तमध्येही स्त्री-पुरुष दोघेही डोळे काळे करीत. त्यांच्या अंजनात शिशाचे क्षार असत. २०१० साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी असे दाखवले की या क्षारांच्या अगदी अल्प मात्रेने पेशींमध्ये नायट्रिक ऑक्साइड वाढते आणि त्यामुळे जंतूंशी लढायला मदत होत असावी. (म्हणून शिसे डोळ्यांत घाला, असा मात्र त्याचा अर्थ नाही. त्याबद्दल शेवटी सांगते.) तर सुरुवातीला अंजन हे औषध होते आणि त्याला बाई-पुरुष असा भेद नव्हता.

शोभेसाठी डोळा कसा रेखावा, याचे उत्तर मात्र आपल्या अगदी शेजारी आहे. आमच्या महागावाहून पुसद ओलांडून पुढे गेले की वाशीम. हे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. म्हणजे अजिंठ्याच्या भिंतींवरचे ते लांब, खाली झुकलेले डोळे ज्यांच्या आश्रयाने रंगले, ते आपल्या वऱ्हाडचेच राजे! आणि आणखी एक. अजिंठ्यात काळा रंग कशाचा वापरलाय, तर दिव्याच्या काजळीचा. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या भुवईची ती लांब कमान आणि आमच्या ताम्हणावरची काजळी, दोन्हींचे कूळ एकच.

विष्णुधर्मोत्तर पुराणात 'चित्रसूत्र' नावाचा भाग आहे. स्टेला क्रॅमरिश या विदुषीने १९२४ साली त्याचे इंग्रजी भाषांतर केले. त्यात चित्रकारासाठी डोळ्यांचे पाच आकार दिले आहेत. चापाकार म्हणजे धनुष्यासारखा, तो ध्यानस्थ माणसाचा. मत्स्योदर म्हणजे माशाच्या पोटासारखा, तो स्त्रियांचा आणि प्रेमिकांचा. उत्पलपत्र, म्हणजे निळ्या कमळाच्या पाकळीसारखा, शांत माणसाचा. पद्मपत्र भ्यालेल्याचा किंवा रडणाऱ्याचा. आणि शाणाकृती डोळा रागाचा, वेदनेचा. पाहा, आकार चेहऱ्यावरून ठरवलेला नाही, मनाच्या अवस्थेवरून ठरवलाय.

आमच्या आज्या-मावश्यांनी चित्रसूत्र वाचलेले नव्हते, पण त्यांच्या बोटांना हिशोब पक्का माहीत होता. डोळे लहान असले तर काजळ आत गच्च भरायचे नाही, त्याने डोळा आणखी बारीक दिसतो. खालच्या पापणीला बारीक रेघ द्यायची आणि बाहेरच्या कोपऱ्यातून किंचित पुढे ओढायची, की डोळा लांबट दिसतो. डोळे मोठे आणि पुढे आलेले असतील तर मात्र आतून भरायचे, म्हणजे ते बसल्यासारखे वाटतात. दोन डोळ्यांत अंतर कमी असेल तर नाकाकडचा कोपरा मोकळा सोडायचा. आज मुली मोबाईलवर बघून हेच शिकतात. शिकवणारी बदलली, शिकवण तीच!

असो. आता 'कुणी घालू नये' याकडे येते.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात गुरुगृही राहणाऱ्या विद्यार्थ्याला अंगाला तेल लावणे, जोडा, छत्री यांच्याबरोबर डोळ्यांत अंजन घालणेही वर्ज्य सांगितले आहे. हे वाचून मी हसले. मी नोकरी केली त्या शाळेतही मुलींनी काजळ लावून यायचे नाही असा नियम होता. दोन हजार वर्षे झाली तरी शिक्षकांची काळजी तीच!

विद्यार्थ्याचा निषेध मात्र काही वर्षांपुरता. शिक्षण संपले की संपला. याज्ञवल्क्यस्मृती म्हणते की ज्या स्त्रीचा नवरा परगावी गेला आहे तिने खेळ, शरीराचा साजशृंगार, उत्सव पाहणे, हसणे, परक्या घरी जाणे सोडावे. कालिदासाच्या मेघदूतातली यक्षपत्नी हेच पाळते. यक्ष मेघाला सांगतो की तिचा डोळा अंजनावाचून कोरडा असेल. हा यक्ष राहतो रामगिरीवर, आणि रामगिरी म्हणजे आपले नागपूरजवळचे रामटेक, असे म. म. वा. वि. मिराशींनी साधार मांडले. काव्य अप्रतिम आहे, त्याबद्दल वादच नाही. पण शिक्षा झाली यक्षाला, आणि काजळ सुटले तिचे. हेही एकदा म्हणायला हवे.

यक्षाची शिक्षा वर्षभराची होती. विधवेची मात्र जन्माची. कुंकू गेले, बांगड्या गेल्या, फुले गेली, त्यांच्याबरोबर काजळही गेले. सगळ्या जातींत हे सारखे नव्हते, हेही खरे. कितीतरी समाजांत पाट लागत असे आणि बाईचा संसार पुन्हा उभा राहत असे. पण ज्या घरांत पाट नव्हता, तिथे विशीतली मुलगीसुद्धा कायमची कोरड्या डोळ्यांची होऊन जाई. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला, पण कायदा माजघरापर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो. आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री पुरुष तुलना' लिहून रोखठोक विचारले, की बायको मेल्यावर पुरुषाचे काहीच जात नाही, मग नवरा मेल्यावर बाईचेच सगळे का जावे? महर्षी कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला.

याच सुमारास मराठी रंगभूमीवर काय चालले होते पाहा. घरातल्या बाईने काजळ घालावे की नाही यावर सतरा बंधने, आणि रंगमंचावर पुरुष डोळे रेखून नायिका होत होते! खाली झगझगीत दिवे आणि शेवटच्या रांगेपर्यंत नजर पोहोचली पाहिजे, म्हणून डोळे ठळक रेखावेच लागत. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) लुगड्यांची आणि केशरचनेची नक्कल घरंदाज बायका करीत. म्हणजे नटावे कसे, हे बायका एका पुरुषाकडून शिकल्या. फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीसुद्धा साळुंके नावाच्या पुरुषानेच केली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. त्या काळच्या फिल्मवर लाल रंग काळपट उमटत असे, त्यामुळे लाली बेताची आणि डोळ्यांवर भर, अशी रंगभूषेची रीत पडली. पडद्यावर बोलता येत नव्हते, डोळ्यांनीच बोलायचे होते.

पुढे १९५२ साली टाटांनी 'लॅक्मे' सुरू केली. नाव फ्रेंच ऑपेराचे, पण मूळ आपली लक्ष्मीच! हळूहळू डबीतले, मग पेन्सिलीतले काजळ तालुक्याच्या बाजारापर्यंत आले. घरी काजळ धरणे मागे पडले. त्याबरोबर एक गोष्ट झाली, ती मला महत्त्वाची वाटते. घरचे काजळ दुसऱ्याच्या बोटाने घातले जायचे. आई, आजी, मोठी जाऊ. कुणाला घालायचे आणि कुणाला नाही, हे त्या बोटाने ठरायचे. पेन्सिल मात्र स्वतःच्या हातात, स्वतःच्या आरशासमोर.

आमच्याबरोबर शाळेत एक बाई होत्या. नाव सांगत नाही. फार लवकर वैधव्य आलेले. त्यांच्या हातचे काजळ गावात प्रसिद्ध होते. कुणाच्या घरी बाळ झाले की काजळाची डबी त्यांच्याकडून यायची. पण त्यांनी स्वतः कधी बोटाचे टोक डोळ्याला लावले नाही. एकदा मी म्हटले, "बाई, तुम्ही का नाही घालत? आता कोण काय म्हणणार आहे?" त्या हसून म्हणाल्या, "कोणी नाही म्हणत वं. सवयच गेली." मनाई करणारी माणसे केव्हाच वारली होती. मनाई मात्र शिल्लक होती.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. बातमी वाचली तेव्हा मला त्या बाई आठवल्या. त्यांना हे पाहायला मिळाले नाही.

आता शेवटी, आजी म्हणून दोन शब्द. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नका. बोटाची घाण डोळ्यात जाते, डोळा चिकटतो, पाणी वाहायची बारीक नळी बंद होऊ शकते, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. काजळाने डोळे मोठे होत नाहीत, ते वयाने होतात. तीट लावायची हौस असेल तर तळपायाला लावा. बाजारातल्या सुट्या सुरम्यात पुष्कळदा शिसे असते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. आपल्याकडच्या कायद्याने प्रसाधनांत शिशाचे रंग वापरायला बंदी आहे, म्हणून वेष्टनावर नाव-पत्ता असलेलेच काजळ घ्या. आणि एकमेकींची पेन्सिल वापरू नका. डोळे आले तर ते सगळ्या वर्गाला येतात, हे शाळेत चाळीस-चाळीस पोरी पाहिलेल्या बाईला विचारा!

आणि घरात एखादी काकू, मामी, आत्या अशी असेल, की जिने 'सवय गेली' म्हणून सगळे सोडून दिले आहे, तर पुढच्या सणाला तिच्यासाठीही एक काजळपेन्सिल आणा. घालायची की नाही, ते तिचे तिला ठरवू द्या. फक्त आणून तिच्या हातात द्या. तुमच्याकडे काजळ कसे धरायचे, वात कशाची असायची, तेही सवडीने जरूर कळवा.