खड्डा तोच, रोप नवं

आमच्या वाशिम जिल्ह्यात 1 जुलै म्हणजे एका दिवसात तीन सण. वसंतराव नाईकांची जयंती म्हणून कृषी दिन, वनमहोत्सवाचा पहिला दिवस, आणि जिल्ह्याचा वाढदिवस. 1998 साली याच तारखेला आम्ही अकोल्यातून वेगळे झालो. (खरं तर पुन्हा वेगळे झालो. इंग्रजांच्या काळात 'बाशिम' जिल्हा होताच, 1905 मध्ये तो अकोल्यात गेला.) त्यामुळे शाळेत असताना 1 जुलैला झाड लावणं चुकवायची सोयच नव्हती.

सातवीत मी राष्ट्रीय हरित सेनेत होतो. कंपाउंडच्या भिंतीलगत एका खड्ड्यात आमच्या गटानं कडुनिंब लावला. आठवीत त्याच खड्ड्यात गुलमोहर लावला. नववीत काय लावलं ते आता आठवत नाही, खड्डा मात्र पक्का आठवतो. मार्चमध्ये हापशी कोरडी खोकायला लागायची, आम्ही प्यायचं पाणी घरून बाटलीत आणायचो, रोपाला कोण देणार? मे महिन्यात शाळा बंद. जूनमध्ये खड्डा रिकामा, म्हणजे यंदाच्या कार्यक्रमासाठी तयारच!

गेल्या महिन्यात ऑफिसात 'ग्रीन डे' झाला. प्रत्येकाला एक कुंडी आणि एक सेल्फी. तेव्हा तो खड्डा आठवला आणि डोक्यात किडा शिरला की शाळेतल्या मुलांकडून पर्यावरणाचं काम करून घ्यायची ही पद्धत आली तरी कुठून? दोन वीकेंड त्यात गेले. आणि गंमत म्हणजे उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. वाशिम आणि वर्धा यांच्या मध्ये एक यवतमाळच तर आहे.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. त्यातून डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि त्याच डिसेंबरात तिचा अहवालही आला. (सरकारी समित्यांनी नोंद घ्यावी.) पुढे 'नई तालीम' म्हणून ओळखली गेलेली योजना ती हीच. तिचं वेळापत्रक बघून मी चाट पडलो. दिवसाचे साडेपाच तास, त्यातले 3 तास 20 मिनिटं हस्तोद्योगाला. मातृभाषेला 40 मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून 40. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला अर्धा तास. उरलेली वीस मिनिटं कवायत आणि मधली सुट्टी.

'पर्यावरण' हा शब्द त्यात कुठेही विषय म्हणून नव्हता. पण आर्यनायकम पती-पत्नी सेवाग्रामला ही शाळा चालवत होते तेव्हा मुलं भाजी पिकवत, स्वयंपाकात हात लावत, आवार झाडत, संडास साफ करून त्याचं सोनखत करत. कपाशी ते कापड हा सगळा प्रवास त्यांच्या हातून होई, आणि गणित, विज्ञान त्यातूनच शिकायचं. म्हणजे शाळेत काय येतं, काय खर्च होतं आणि कचरा कुठे जातो, याचा हिशेब मुलांकडे. आपण आज ज्याला 'सस्टेनेबल' म्हणतो ते दुसरं काय असतं?

आमच्या मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारनं तर त्याच सुमारास आणखी एक प्रयोग केला. पंडित रविशंकर शुक्ल यांची 'विद्यामंदिर योजना'. गावानं शाळेला जमीन दान द्यायची, आणि तिच्या उत्पन्नावर शाळा आणि मास्तर दोन्ही चालवायचे. मास्तर तयार करण्यासाठी 1938 मध्ये वर्ध्यात प्रशिक्षण विद्यालयही निघालं. योजनेच्या नावातल्या 'मंदिर' शब्दावरून मुस्लिम समाजात नाराजी पसरली, मुस्लिम लीगनं तो मोठा मुद्दा केला, आणि 1939 च्या अखेरीस काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्यावर त्यामागचा जोरच गेला. कोरडवाहू जमिनीच्या भरवशावर मास्तरांचा पगार दर महिन्याला कसा निघणार होता हा माझा आपला एक साधा प्रश्न आहे. दुष्काळ पडला की शाळाही दुष्काळी!

आता इथे मी नई तालीमच्या प्रेमात वाहत जायला लागलो होतो. तेवढ्यात आजोबांना फोन केला. ते स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात शाळेत होते, टकळीवर सूत कातलेले. म्हणाले, "अरे, सूत कसलं, सुतळी! आणि तुझे पणजोबा काय म्हणत माहिती आहे? घरी ढोरं वळतोच आहे, शाळेत शिकायला पाठवलं का राबायला?"

हा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. खुद्द झाकिर हुसेन समितीतले अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनाही मुलांच्या कमाईवर शाळा चालवणं पटलं नव्हतं. ज्यांच्या पिढ्या शेतात राबण्यात आणि दुसऱ्यांची घाण काढण्यात गेल्या, त्यांना पोरानं शाळेत पुन्हा तेच करावं हे कसं रुचावं? वकिलाच्या मुलानं झाडू घेणं आणि सालदाराच्या मुलानं झाडू घेणं, यात फरक आहेच. त्यामुळे नई तालीम गेली ती नुसती सरकारच्या नालायकीनं गेली असं मला तरी म्हणवत नाही.

पण जाताना हिशेबही घेऊन गेली. कोठारी आयोगानं 1966 मध्ये 'कार्यानुभव' आणला, आणि आमच्या पिढीपर्यंत येता येता त्याचा अर्थ आइस्क्रीमच्या काड्यांचं घर एवढाच राहिला. 22 नोव्हेंबर 1991 ला एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. हालचाल पुरेशी होईना म्हणून डिसेंबर 2003 मध्ये पुन्हा बजावलं. हेतू उत्तमच. पण सक्ती आली, मार्क आले, मार्कांमागून प्रोजेक्ट आले. मी इंजिनिअरिंगला 'घनकचरा व्यवस्थापन' या विषयावर सीनियरकडून उचललेला प्रोजेक्ट एका बाजूनं प्रिंट करून, प्लास्टिकच्या कव्हरात बांधून दिला होता. पास झालो, हे सांगायला नकोच.

हरित सेना 2001-02 मधली, केंद्र सरकारची योजना. शाळेत तीस ते पन्नास मुलांचा इको-क्लब, महाराष्ट्रात जबाबदारी सामाजिक वनीकरण विभागाकडे. बरीच वर्षं अनुदान होतं एका क्लबला वर्षाला 2500 रुपये. एवढ्यात बॅनर आणि चहा होतो, पाण्याची सोय होत नाही. पुढे 2016 मध्ये राज्यानं एका दिवसात 2 कोटी झाडं लावायचं ठरवलं, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13, 2019 मध्ये 33. आकडा नेहमी लावलेल्या झाडांचा. जगलेल्यांचा फलक मी तरी कुठल्या शाळेबाहेर पाहिलेला नाही.

युरोपात 1994 मध्ये 'इको-स्कूल्स' सुरू झालं. तिथे आधी मुलांची समिती बनते आणि मग ती स्वतःच्या शाळेची तपासणी करते. वीज किती, पाणी किती, कचरा किती. झाडबिड नंतर. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी लॉग बघा, मग कोडला हात लावा. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं आपल्याकडेही असंच शाळांचं ऑडिट सुरू केलं आहे.

मग मीही बसल्या बसल्या हिशेब केला. दोन वर्गांचं छप्पर साधारण हजार चौरस फूट. वर्षाला 800 मिलिमीटर पाऊस धरला तर त्यावर 74 हजार लिटर पाणी पडतं. सांडलवंड वजा जाता साठ हजार म्हणू. रोपाला दिवसाआड दहा लिटर म्हणजे फेब्रुवारी ते मे सहाशे लिटर. पन्नास रोपांना तीस हजार. छप्पर पुरून उरतं! फक्त ते तीस हजार लिटर फेब्रुवारीपर्यंत ठेवायचे कुठे, हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर 2500 रुपयांत बसत नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा मुद्दाम शाळेत डोकावलो होतो. सुट्टी होती, पण सर भेटले. माझ्या खड्ड्यात काहीतरी नवीन होतं, माना टाकलेलं. पण नळाच्या मागे एक कडुनिंब चांगला दुमजली झालेला. तो कुणी लावला, सरांनाही माहीत नाही. खिचडीच्या ताटल्या मुलं तिथे धुतात, ते पाणी त्याच्या आळ्यात जातं. यंदा सहावीच्या पोरांनी खुरप्यानं तिथून भिंतीपर्यंत एक चर खणला आहे, वाटेत तीन रोपं. चर गाळानं भरतो म्हणून आठवड्याच्या पाळ्या लावल्या आहेत आणि फळ्याच्या कोपऱ्यात नावं लिहिली आहेत.

काल सरांना माझा हिशेब पाठवला. त्यांनी उलट विचारलं, "पाच हजार लिटरची टाकी पुण्यात कितीला मिळते?"

उद्या रविवार आहे, चौकशी करून येतो.