गोठा, माग आणि गाडी : विट्याच्या घरांचा पुढचा भाग

विट्यात नवा बंगला बांधताना तळमजल्यावर गाडीसाठी जागा सोडतात आणि काही वर्षांत तिचे रूप पालटू लागते. भिंतीला कपाटे लागतात, उखडलेल्या कोब्यावर खडबडीत पार्किंग टाइल्स बसतात, एका कडेला बाकडे किंवा झोपाळा येतो आणि संध्याकाळी घरची मंडळी तिथेच बसू लागतात. या बदलाला बरेच जण शहरी हौस समजतात. माझे म्हणणे वेगळे आहे. विटा ज्यात येते त्या खानापूर तालुक्यातल्या घराचा पुढचा भाग एका कामापुरता कधीच नव्हता. ज्याच्या जिवावर घर चालते ते जनावर किंवा अवजार, वर्षाचा साठा आणि येणारा-जाणारा माणूस, या तिघांनाही तो सामावून घेत आला. फक्त गाडीसाठी राखलेली, एरवी कुलूपबंद असणारी खोली हाच या इतिहासातला अपवाद आहे आणि तोही अगदी अलीकडचा.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे या पट्ट्यात पाऊस बेभरवशाचा. त्याच हिशेबाने इथली घरे घडली. लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट माळवद कमी पावसात टिकायचे आणि उन्हाळ्यात घर थंड ठेवायचे. दारातून आत आले की एका अंगाला बैलांची दावण असे आणि समोर खांबांचा सोपा. माणदेशाच्या खिलार बैलांवर शेती अवलंबून होती. खरसुंडीच्या यात्रेत अशा बैलांची मोठी खरेदी-विक्री होत आली आहे. इतकी मोलाची जनावरे नजरेआड ठेवण्याची कोणाची तयारी नसे. शाळू बळदात किंवा जमिनीखालच्या पेवात जाई, कारण 1876-78 आणि 1896-97 च्या दुष्काळांनी शिकवले होते की एका सुगीवर दुसऱ्या सुगीचा भरवसा धरता येत नाही. जू, नाडे आणि सोल खुंटीला, बियाणे शिंक्यात, दिवा कोनाड्यात. साठवणीसाठी भिंत आणि उंची वापरायची, जमीन मोकळी ठेवायची, हा नियम होता. मोकळ्या राहिलेल्या त्या जमिनीवर, शेणाने सारवलेल्या सोप्यात, पाहुणा टेकायचा, हिशेब व्हायचे, सोयरिकी जुळायच्या.

दुसरा पुरावा कापडाच्या धंद्यात सापडतो. हातमागाच्या काळात विणकराचे घर आणि कारखाना वेगळे नसत. खड्ड्याचा माग घरातच असे, विणकर खड्ड्यात पाय सोडून बसे आणि शेजारी घरातलेच कोणी कांड्या भरी. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे या परिसराच्या कापडधंद्याचे रूप बदलले. विटाही यंत्रमागाचे गाव झाले. माग मोठे झाले, त्यांची खटखट वाढली, तसे ते घराशेजारच्या शेडमध्ये गेले. तरीही सुताची पोती, बीम, कापडाचे तागे आणि भेटायला येणारा व्यापारी यांना घराच्या पुढच्या अंगालाच जागा लागत राहिली. बैलांच्या जागी माग आला, पण जागेचा स्वभाव तोच राहिला.

गाडी आली ती फार उशिरा. त्याआधी स्कूटरसाठीही वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. मारुती 800 सुद्धा 1983 च्या अखेरीस रस्त्यावर आली. विट्यात मोटारीला वेगळे घर देण्याची ऐपत गलाईच्या पैशाने मोठ्या प्रमाणावर आणली. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचे हे काम करायला खानापूर, आटपाडी आणि आसपासच्या तालुक्यांतली माणसे तमिळनाडू, केरळपासून उत्तर भारतापर्यंत पसरली. परमुलखात भट्टीपुढे मिळवलेल्या पैशातून गावी बंगले उठले. यातले अनेक बंगले वर्षाचा मोठा भाग बंद असतात आणि यात्रा, लग्न किंवा दिवाळी आली की एकदम भरतात. अलीकडे कृष्णेचे पाणी उचलणाऱ्या टेंभू योजनेने शिवारात ऊस, द्राक्षे आणली, तसे ट्रॅक्टरही वाढले. जगभर मोटारीला पहिला आसरा घोड्यांच्या तबेल्यांनी आणि बग्गीखान्यांनी दिला. आपल्याकडे ती बैलांच्या जागी येऊन उभी राहिली.

यावर पहिला आक्षेप असा की ही परंपरा वगैरे काही नाही. घरमालक मोबाइलवर परदेशी गॅरेजची चित्रे पाहून कपाटे बनवून घेतो, सोप्याची त्याला आठवणही नसते. चित्रे बाहेरून येतात, हे खरे. पण बाहेरचा नमुना इथे कसा वापरला जातो ते पाहावे. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये 1939 मध्ये ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोन तरुणांनी घरामागच्या गॅरेजात कंपनी सुरू केली. रस्त्यापासून आत असलेली ती जागा एकाग्र कामाला सोयीची होती. विट्यातली गाडीची जागा रस्त्याच्या अंगाला असते. तिथे हळद लागते, वास्तुशांतीची पंगत बसते, गणपतीची आरास होते, उन्हाळ्यात पापड-कुरडया होतात. हे उपयोग कोणत्याही चित्रातून आलेले नाहीत. आठवण माणसाच्या डोक्यात नसली तरी ती घरातल्या रिवाजांत जिवंत राहते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जुन्या सोप्यात सगळ्यांना सारखे बसता येत नव्हते. कोणी उंबऱ्याबाहेर थांबायचे, कोणी अंगणात, हे जात ठरवायची. बायकांनी माजघराबाहेर किती यायचे हे घरातले पुरुष ठरवायचे. म्हणून सोप्याचे गोडवे गाणे मला मान्य नाही. घ्यायची ती त्याची बांधणी, त्यातली उतरंड नव्हे. उलट नव्या जागेचे मोल इथेच वाढते. तिला दिवाणखान्याचा मान चिकटलेला नाही, त्यामुळे तिथे वेगळे पायंडे पाडता येतात. बचत गटाची बैठक आणि मुलींची अभ्यासिका तिथे भरली, कामावर येणाऱ्या बाईला त्याच बाकावर बसून चहा मिळाला, तर ती जागा सोप्याच्या पुढे गेली असे म्हणता येईल.

तिसरा आक्षेप नागरिकांचा आहे: गॅरेजात बैठक आली की गाडी रस्त्यावर जाते. बाजारपेठेच्या अरुंद गल्ल्यांत ही तक्रार रास्तच आहे. राज्यात 2020 मध्ये लागू झालेली एकत्रित बांधकाम नियमावली घराला पार्किंग बंधनकारक करते. त्यामुळे ती जागा भिंती घालून राहती खोली करणे हा शेजाऱ्यांवरचा अन्याय तर आहेच, नियमभंगही आहे. पण उत्तर जुन्या घरातच आहे. बैल दिवसा शिवारात जात तेव्हा दावणीची जागा झाडून घरच्या कामाला घेतली जाई आणि रात्री ती पुन्हा बैलांची होई. एकच जागा वेळेनुसार वाटून घेतली जाई. म्हणून नूतनीकरणाची कसोटी साधी आहे: संध्याकाळची बैठक उठल्यावर काही न हलवता गाडी आत येते का?

ही कसोटी मानली की बाकीचे तपशीलही जुन्या बांधणीतून सुचतात. गोठ्याच्या फरसबंदीला बाहेरच्या बाजूला उतार असे. आज टाइल्स बसवतानाही तोच उतार हवा, म्हणजे धुतलेले पाणी आणि सांडलेले ऑइल घराकडे वळणार नाही. बरेच दिवस बंद असलेले पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, हे ज्ञान विषारी वायूने गेलेल्या जिवांनी दिले होते. गाडीच्या धुरालाही तोच न्याय लागू आहे, म्हणून समोर जाळीचे फाटक आणि मागे झरोका हवाच. कपाटे भिंतीला आणि उंचावर असावीत. पेट्रोलचा कॅन आणि रंगाचे डबे बैठकीजवळ नसावेत. गॅरेज सुधारताना विटेकर नवी चैन करत नाहीत. मधल्या काही दशकांत एका वाहनाला देऊन टाकलेली घराची सर्वांत उपयोगी जागा ते परत मिळवत आहेत. ती परत घेताना तिचे दार रस्त्याकडे आणि सगळ्यांसाठी उघडे राहील, एवढी जबाबदारी मात्र त्यांनी घ्यायला हवी.