परमुलखाची सून

पैनगंगेच्या अलीकडे आमचे जैनद. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा मराठी मुलखात गेले, आम्ही इकडेच राहिलो. इथे घराघरांत दोन भाषा नांदतात. दुसरी पुष्कळदा सुनेबरोबर येते. माझी आई निर्मळकडची. गल्लीत तिला अखेरपर्यंत ‘तेलंगीण’च म्हणत.

बायबलच्या जुन्या करारातील रूथचे चार अध्याय वाचताना मला आई आठवते. दुष्काळामुळे नामीचे कुटुंब बेथलेहेम सोडून मवाब देशी जाते. तिथे नवरा मरतो, मग मुलांची लग्ने तिथेच होतात. पुढे दोन्ही मुलगेही मरतात. नामी परत निघते, तेव्हा विधवा सून रूथ आपला मुलूख, माणसे आणि देव सोडून सासूबरोबर येते.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून मुळावरून बायबल मराठीत आणले. केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनी ते छापले. १९२२ साली बाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. दुष्काळात आईवडील गमावलेल्या, बंगाली पतीशी विवाह करून दोन वर्षांच्या आत विधवा झालेल्या रमाबाईंना रूथ परकी वाटली नसावी.

बेथलेहेमच्या वेशीत नामी बायकांना सांगते, भरल्या हातांनी गेले, देवाने मला रिकामी परत आणले. तेव्हा रूथ शेजारीच उभी आहे! त्या ‘रिकामी’ शब्दाने तिला काय वाटले असेल? कथा सांगत नाही. ती बवाजाच्या शेतात सरवा वेचते, कणसे झोडून धान्य सासूपुढे ठेवते. तरी लोकांच्या तोंडी ती ‘मवाबी’च. पुढे बवाजाशी लग्न होते, मुलगा होतो. शेजारणी म्हणतात, नामीला मुलगा झाला. शेवटच्या अध्यायात रूथच्या तोंडी एकही शब्द नाही. दावीद राजाची ही पणजी!

ती सुखी असेलही. पण अंगणात एकटी असताना ती मवाबी बोलीत गुणगुणत असेल, असे मला वाटते. कारण आमची आई चारचौघांत मराठीच बोले. पैसे मोजताना मात्र ओठांतल्या ओठांत ‘ओकटी, रेंडू’ म्हणे.

माझ्या शाळेच्या दाखल्यावर मातृभाषा ‘मराठी’ आहे. मुख्याध्यापक म्हणून मी कितीतरी मुलांचा तो रकाना भरला. आईची भाषा कोणती, हे मी कधी विचारले नाही. यंदापासून विचारतो.