विचारशैलीभेद, उद्योगातील

एकच अडचण पुढे आली असता एक मनुष्य नियमांत तिचे उत्तर शोधतो, तर दुसरा हत्यार घेऊन यंत्राभोवती फिरू लागतो. दोघांची बुद्धिमत्ता सारखी असू शकते. भेद असतो तो तिच्या वळणाचा. या वळणास विचारशैली म्हणतात. मायकेल किर्टन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये रूढ चौकटीत सुधारणा करणारे आणि चौकटच बदलू पाहणारे असे दोन कल मानले व ते क्षमतेहून वेगळे असल्याचे प्रतिपादिले. व्यवहाराने मात्र या भेदांची दखल पुष्कळ आधी घेतली होती. सांगली जिल्ह्यात कुपवाडसारख्या औद्योगिक वसाहती उभ्या राहण्याच्या कितीतरी आधी, १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी हे त्याचे लक्षणीय उदाहरण होय.

तिचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस उमगत नसल्याचे आढळल्याने त्यांना रंगकाम सोडावे लागले. यांत्रिक रेखनात मात्र त्यांची गती होती. पुढे व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. एका कसोटीस न उतरलेला मनुष्य दुसऱ्या कामात अव्वल ठरतो, हे त्यांना ग्रंथांतून शिकावे लागले नाही.

बेळगाव येथील कारखान्याची जागा नगरपालिकेस हवी झाल्याने त्यांना स्थलांतर करावे लागले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. जागा ओसाड व निवडुंगाने भरलेली होती. अशा माळावर शिकलेले कारागीर सहजी येणे शक्य नव्हते. जे आले त्यांच्यातूनच माणसे घडवावी लागली. गुणग्राहकतेमागे ही निकडही होती, हे विसरता येत नाही.

या मंडळींचे स्वभाव एकमेकांशी मुळीच जुळणारे नव्हते. ज्येष्ठ बंधू रामूअण्णा यांच्याकडे आखणी व प्रशासन होते. शंभोराव जांभेकर हे अभियंता, रसायनज्ञ आणि प्रसंगी वैद्य अशी अनेक कामे सांभाळीत. मंगेशराव रेगे हिशेब पाहत. अनंतराव फळणीकर यांनी शिक्षण अर्धवट सोडले होते, परंतु यंत्ररचनेतील त्यांची कल्पकता विलक्षण होती. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले. बाहेरच्या लोकांशी व्यवहार व पडेल ते काम त्यांच्याकडे आले. प्रमाणपत्र हीच कसोटी ठेवली असती, तर यांपैकी शेवटच्या दोघांस दारातूनच परत जावे लागले असते.

याच सुमारास, १९११ मध्ये, अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कामगाराची निवड करावी, असे टेलरही सांगतात. परंतु विचार करण्याचे काम ते व्यवस्थापनाकडे सोपवितात. फळणीकरांसारख्यास तेथे कितपत वाव मिळाला असता, याची शंकाच वाटते.

तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग या पहारेकऱ्यांचे उदाहरण अधिक विचार करावयास लावणारे आहे. दोघेही निरक्षर; त्यांच्या पूर्वायुष्याविषयी लोक बरे बोलत नसत. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ पासून गुन्हेगार जमातींचा कायदा अस्तित्वात होता व १९११ मध्ये त्याची व्याप्ती वाढविण्यात आली. तो रद्द झाला १९५२ मध्ये. जन्मावरूनच संशय घेण्याच्या त्या काळात लक्ष्मणरावांनी कारखान्याची राखण या दोघांवर सोपविली आणि त्यांची निष्ठा पुढे सर्वतोमुखी झाली. तथापि गावाची राखण हे रामोशांचे परंपरागत कामच होते. विश्वास नवा होता, काम जुनेच राहिले. त्यांच्या ठिकाणी पहाऱ्याखेरीज आणखी कोणते गुण होते, हे पारखले गेल्याचे दिसत नाही.

ही सर्व पारख एका मालकाच्या नजरेवर अवलंबून होती. १९२० मध्ये किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. कारखाना वाढत गेला, तसे प्रत्येक कामगारास जवळून ओळखणे एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेले आणि नेमणुकीत पात्रता व श्रेणी यांना महत्त्व आले.