सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान

आपल्या वडोदऱ्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचे मैदान आहे, हे आपण सारेच जाणतो. गायकवाड महाराजांनी ते युरोपीय पाहुण्यांसाठी करवले. लहानपणी आम्ही 'हा श्रीमंतांचा खेळ' म्हणून तिकडे फारसे पाहिले नाही. पुढे डिप्लोमा करून सरकारी बांधकाम खात्यात लागलो आणि जमिनीची लेव्हल काढण्यात वर्षे गेली. मैदान म्हणजे सपाट जागा, हेच आम्ही शिकलो होतो. मग गोल्फमध्ये उंचसखल जमिनीला एवढा मान का? उत्तरासाठी आम्ही स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजला गेलो, अर्थात पुस्तकांतून!

तिथल्या 'ओल्ड कोर्स'चा आराखडा कुणा एकाने काढलेला नाही. समुद्रकाठची रेताड, शेतीला निरुपयोगी जमीन. मेंढ्यांनी वाऱ्यापासून आडोशासाठी केलेल्या खळग्यांचेच वाळूचे बंकर झाले, असे सांगतात. १७६४ पर्यंत एका फेरीत २२ होल होते. त्या वर्षी पहिल्या चारांचे दोन केले. जाताना आणि परतताना तेच होल खेळत, म्हणून एकूण १८ उरले. पुढे साऱ्या जगाने हाच आकडा घेतला.

१९२१ मध्ये १९ वर्षांचा अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्स इथल्या बंकरमध्ये असा अडकला की त्याने स्पर्धेतून माघार घेतली. पण १९२७ मध्ये त्याने इथेच ओपन स्पर्धा जिंकली आणि या मैदानावर जन्मभर प्रेम केले. या मैदानाचा बारकाईने नकाशा करणारे डॉ. अॅलिस्टर मॅकेन्झी यांच्यासह त्याने अमेरिकेत ऑगस्टाचे मैदान घडवले. मॅकेन्झींचे सूत्र सोपे होते: जमिनीचा मूळ चढउतार राखावा, कसलेल्याला धाडसाची वाट द्यावी, तर नवख्याला लांबची पण सुरक्षित वाट ठेवावी. मैदानाने कुणाला हाकलू नये, विचार करायला लावावे.

मात्र हे मैदान टिकले ते गावकऱ्यांमुळे. १५५२ पासून या जमिनीवर खेळण्याचा त्यांचा हक्क नोंदलेला आहे. १७९७ मध्ये कर्जबाजारी नगरपालिकेने ती विकली आणि तिथे सशांची पैदास सुरू झाली. लोक वर्षानुवर्षे भांडले. १८२१ मध्ये जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदाराने ती विकत घेऊन वाचवली. १८९४ मध्ये कायद्याने ती पुन्हा गावाची झाली. आजही रविवारी सहसा खेळ बंद असतो आणि गावकरी तिथे फिरायला येतात.

हे वाचून आम्हाला आमचेच एक काम आठवले. एका शाळेचे मैदान आम्ही उंचवटे खरवडून सपाट केले आणि पहिल्याच पावसात तिथे तळे साचले. पाण्याची वाट त्या उतारातच होती, ती आम्ही बुजवली होती. तेव्हापासून लेव्हल लावण्याआधी आम्ही जागा पायी फिरून पाहतो.

आपल्या बाप्पाचा मांडवही मोकळ्या जागेतच पडतो. अशी प्रत्येक जागा आधी कुणीतरी भांडून राखलेली असते. पुढच्या पिढीसाठी ती राखण्याचे काम आता आपले आहे.