काटेरी कडियाळे

मे महिन्यात चंद्रपूरला जटपुरा गेटाजवळ एक वरात अडली होती. बँडला घोडी बुजत होती आणि तिच्या ओठांवरच्या फेसात लाली होती. घोडीवाले चाचा ओळखीचे निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी लगाम माझ्या हातात दिला. तोंडात जाणाऱ्या लोखंडाला, म्हणजे कडियाळ्याला, काटे होते.

"याच्याशिवाय थे थांबतच नाही, बेटा."

१९६५ च्या केंद्रीय नियमांनी असे काटेरी कडियाळे वापरायला मनाई केली आहे. चाचांना ते माहीत होते. त्यांची भीती वेगळी होती. लोखंड एकदम बदलले आणि घोडी नवरदेवासकट गर्दीत घुसली तर?

हा पेच जुना आहे. स्वाराच्या एका हातात भाला किंवा तलवार असली की लगामाला एकच हात उरतो, आणि त्या एका हाताचे घोड्याने ऐकायला हवे. ऐकवण्याचे दोन मार्ग. एक, वर्ष-दोन वर्षे खपून घोडा शिकवणे. दुसरा, तोंडात काटे घालणे. फौजेला घाई असते. जुनी हिंदुस्थानी काटेरी कडियाळी आज वस्तुसंग्रहालयांत दिसतात, त्यांतली काही सुबक नक्षीची आहेत. नक्षी अर्थात घोड्याला दिसत नाही.

आपल्या भागात तर घोडा पाहुणाच. 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात चांद्याच्या गोंड राजाचे स्वार १,००० आणि पायदळ ४०,००० दिले आहे. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेखही तिथेच येतो. जंगलात पायदळच चालणार. तरीही, की त्यामुळेच, गोंडांनी घोड्याला देव केले. कोडापेन म्हणजे घोड्याचा देव, गावाबाहेर दगडाच्या रूपात पुजलेला. पुढे १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले, ज्यांची सगळी ताकद घोडदळात होती.

लगाम, जीन, रिकीब, तंग, नाल, चाबूक हे सगळे शब्द मराठीत फारसी-अरबीतून आले, आणि नालबंद हे आडनाव आपल्यात अजून आहे. आपण हे अभिमानाने सांगतो. पण त्याच परंपरेतली दुसरी गोष्ट फारशी सांगत नाही. सहीह मुस्लिममध्ये आहे की हजरत आयेशा (रजि.) एका अडेल उंटावर बसून त्याला हिसके देत होत्या, तेव्हा पैगंबरांनी (सल्ल.) त्यांना नरमाईने वागायला सांगितले. उंट अडेल होता हे तिथे मान्यच आहे. तरीही नरमाई.

अंदलुसच्या मुसलमानांची घोडेस्वारी स्पेनमार्गे अमेरिकेत गेली. अरबीत 'शकीमा' म्हणजे कडियाळे. स्पॅनिशमध्ये त्याचे 'हाकिमा' झाले आणि अर्थ उलटला: कडियाळ्याशिवायची म्होरकी. कॅलिफोर्नियाचे गुराखी कोवळ्या घोड्याला आधी या म्होरकीवर शिकवत, मग काही काळ म्होरकी आणि कडियाळे दोन्ही ठेवत, आणि शेवटी एका हातात लगाम. आजच्या वेस्टर्न रायडिंगमधले मधल्या टप्प्याचे कडियाळे हेच काम करते. तोंडातला भाग गुळगुळीत आणि तीन तुकड्यांचा, म्हणजे टाळूला टोचत नाही. बाजूचे दांडे आखूड, कारण दांडा लांब तितका हिसका मोठा. दोन लगाम लावायला दोन कड्या असतात. वरचा थेट ओढतो, खालचा दांड्याच्या जोराने. आधी वरचा वापरायचा, खालचा नुसता सोबतीला.

चाचांना दांड्यांचे पटले नाही. "इतकं फॅन्सी कोण करणार?" खरे आहे. वरातीच्या घोडीला एका हाताची स्वारी नकोच, तिला थांबणे आणि उभे राहणे यायला हवे. त्यासाठी म्होरकी आणि साधे, जाड, गुळगुळीत कडियाळे पुरे. जाड का, तर दाब पसरतो. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी उघडी हिरडी असते, तिथेच ते टेकते, आणि चाचांच्या घोडीची तिथली जखम आधी भरायला हवी होती. तोवर तोंडात काहीच नाही.

वेळेचा प्रश्न हिंदू पंचांगाने सोडवला. आषाढी एकादशीनंतर वराती बंद. तुळशीच्या लग्नापर्यंत चार महिने घोडी रिकामी. चाचांनी आषाढीच्या दुसऱ्या दिवशी काटेरी कडियाळे खिळ्याला टांगले आणि म्होरकी धरून तिला इरईच्या काठाने चालवत नेले. थांब म्हटले की स्वतः थांबत. चौथ्या दिवशी मी पाहिले, तेव्हा ती त्यांच्या दोन पावले पुढे जाऊन थांबत होती.